पाळण्याखाली रबर घाला, मैदानाला मातीच राहू द्या!

निवडणुका जवळ आल्या की आपल्या नगरांतील बालोद्यानांना अवचित बहर येतो. जुन्या घसरगुंड्या निघतात, पिवळ्या-निळ्या प्लास्टिकच्या नव्या बसतात, पाळण्यांच्या साखळ्यांना रंग लागतो आणि प्रवेशद्वारावर 'यांच्या विशेष प्रयत्नांतून साकार' अशी ग्रॅनाइटची पाटी चढते. या सोहळ्यात एका गोष्टीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही, ती म्हणजे पाळण्याखालची जमीन. कितीतरी ठिकाणी ती पेव्हर ब्लॉकची किंवा सरळ सिमेंटच्या कोब्याची असते. कारण उघड आहे. पेव्हर ब्लॉकचे मोजमाप सोपे, देयक लवकर मंजूर होणारे आणि पुढच्या कार्यकाळात ते उखडून पुन्हा बसवताही येतात. त्यावर मूल पडणार आहे, हा विचार अंदाजपत्रकाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

आणि मूल तर पडणारच. पडल्याशिवाय मोठे झालेले मूल कोणाला हवे आहे? पण सहा फुटांवरून गुडघ्यावर पडणे वेगळे आणि त्याच उंचीवरून डोक्यावर पडणे वेगळे. पडणारे डोके किती अंतरात थांबते, यावर आतल्या मेंदूला बसणाऱ्या धक्क्याची तीव्रता ठरते. काँक्रीटवर ते जवळजवळ शून्य अंतरात थांबते. वाळूत किंवा रबराच्या जाड थरात काही सेंटिमीटर जाऊन थांबते. एवढ्याशा फरकात खरचटणे आणि कायमचे अपंगत्व यांतील अंतर सामावलेले आहे. युरोपात बालोद्यानाच्या भूपृष्ठासाठी स्वतंत्र मानक आहे. डोक्याच्या आकाराचे, आत मापक बसवलेले वजन वेगवेगळ्या उंचीवरून त्या पृष्ठावर सोडतात आणि कोणत्या उंचीपर्यंत धक्का सुसह्य राहतो ते नोंदवतात. त्याहून उंच खेळणे त्या पृष्ठावर उभे करता येत नाही. आपल्याकडे किती नगरांच्या उद्यान विभागाने अशी चाचणी केली आहे, हे सुज्ञ वाचकांनी माहितीच्या अधिकारात अवश्य विचारावे.

आता चित्राची दुसरी बाजू पाहा. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात, जुने टायर तापवून तेल काढणाऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. त्यात दोन स्त्रिया आणि दोन बालके दगावली. त्या भट्टीत युरोपातून आलेले टायर शिजत होते, असे बीबीसीच्या वृत्तात नंतर प्रसिद्ध झाले. आजूबाजूच्या गावांतील लोक खोकल्याच्या आणि डोळ्यांच्या विकारांच्या तक्रारी सांगत होते, झाडांवर काजळी साचली होती. चार जीव गेल्यावर प्रशासनास जाग आली आणि तालुक्यातील सात भट्ट्यांना टाळे लागले.

एकीकडे शहरातले मूल काँक्रीटवर पडते आणि दुसरीकडे, त्याच्या डोक्याखाली जो मऊ थर असावयास हवा होता, तो पदार्थ तासा-दोन तासांच्या अंतरावर जाळला जातो. त्या धुरात वनवासी पाड्यांतील मुले श्वास घेतात. या दोन्ही गोष्टी एकाच राज्यात, एकाच शासनाच्या डोळ्यांदेखत घडतात. याला नियोजन म्हणावयाचे असेल, तर अनागोंदीसाठी दुसरा शब्द शोधावा लागेल.

न मरणारा पदार्थ

टायरचे दुखणे त्याच्या जन्मातच आहे. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये रबर गंधकासह तापवले आणि चिकट, उन्हात वितळणाऱ्या चिकाचे टणक, लवचीक द्रव्य झाले. गंधकाने रबराच्या साखळ्या एकमेकींना अशा जखडल्या, की पुन्हा त्या सहजी सुटत नाहीत. प्लास्टिकची बादली वितळवून दुसरी बादली होते. टायर वितळवून टायर होत नाही. त्यात पोलादी तारा असतात, काजळी असते, जस्ताचे संयुग असते, तेले असतात. मातीत पुरला तर तो कुजत नाही, उघड्यावर ठेवला तर पाणी साठवतो आणि पेटला तर विझत नाही. कॅनडातील हेगर्सव्हिल येथे १९९० मध्ये एक कोटीहून अधिक टायरांचा डोंगर पेटला, तो १७ दिवस जळत होता.

आपल्या पूर्वजांना टायर ठाऊक नव्हता, पण वस्तूचा अंत न मानण्याची वृत्ती ठाऊक होती. जुन्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या समाजाने टायरलाही तोच न्याय लावला. झिजलेल्या टायरवर नवा थर चढवून तो पुन्हा मालमोटारीला लागला. तिथेही निकामी झाला तेव्हा त्याच्या चपला झाल्या, पत्र्याच्या छपरावर वजन म्हणून तो बसला, मच्छीमारांच्या होडीला धक्क्याची धग लागू नये म्हणून तिच्या कडेला लटकला आणि काठीने हाकत नेणाऱ्या पोरांचे तर तो हक्काचे वाहनच झाला. 'पुनर्चक्रीकरण' हा शब्द आपल्या कोशात येण्यापूर्वीचा हा व्यवहार आहे. परिषदा आणि चर्चासत्रे तेव्हा नव्हती, म्हणून त्याची कोणी दखल घेतली नाही इतकेच.

परंतु हेही मान्य केले पाहिजे, की चपला आणि होड्या किती टायर पचवणार? दारोदार दुचाकी आणि घरटी चारचाकी आल्यानंतर हा प्रश्न घरगुती काटकसरीच्या आवाक्याबाहेर गेला. म्हणून जुलै २०२२ मध्ये केंद्र शासनाने टाकाऊ टायरसाठी उत्पादकाच्या दायित्वाचे नियम केले. जो कारखाना नवे टायर विकतो, त्याने त्या प्रमाणात जुन्या टायरच्या पुनर्वापराची प्रमाणपत्रे मिळवावीत, असे ते बंधन आहे. पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या वर्षी ७० टक्के आणि २०२४-२५ पासून पूर्ण १०० टक्के. तेलाच्या भट्टीसाठी परदेशातून टाकाऊ टायर आणण्यास याच नियमांनी बंदी घातली. नियम उत्तम आहे. पण वाड्याची दुर्घटना त्यानंतर अडीच वर्षांनी घडली, हे विसरता येत नाही. कागदावर 'भुगा करण्यासाठी' म्हणून आलेला टायर भट्टीत पोहोचतो कसा, याचे उत्तर बंदरापासून वाड्यापर्यंतच्या प्रत्येक नाक्यावर कोणीतरी देणे लागतो.

त्यातही एक गोम आहे. भट्टीतून निघणाऱ्या तेलालाही प्रमाणपत्र मिळते. म्हणजे टायर दळून त्याचा भुगा करणारा, वीज आणि यंत्रसामग्रीवर खर्च करणारा उद्योजक, आणि बंद टाकीत टायर कोंबून खालून जाळ लावणारा भट्टीवाला हे दोघे एकाच बाजारात उभे आहेत. कोणाचा माल स्वस्त पडणार, हे सांगावयास अर्थशास्त्री नको.

ब्रिटनचा टायर, आपली फुप्फुसे

ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे ५ कोटी टायर टाकाऊ होतात आणि त्यांतील जवळपास निम्मे भारतात येतात, असा अंदाज बीबीसीच्या २०२५ मधील त्याच वृत्तात दिला आहे. तिथला वाहनचालक टायर बदलताना विल्हेवाटीचे पैसे मोजतो आणि आपण पर्यावरणाचे कर्तव्य केले, अशा समाधानाने घरी जातो. त्याचे ते समाधान मग गाठोड्यांत बांधले जाऊन मुंद्र्याच्या किंवा न्हावा-शेवाच्या वाटेने आपल्याकडे येते. ऑस्ट्रेलियाने निदान एवढी लाज बाळगली, की डिसेंबर २०२१ पासून अख्खे टायर तसेच बांधून परदेशी धाडण्यास मनाई केली. जे राष्ट्र आपल्या पोरांच्या बालोद्यानासाठी प्रत्येक मिलिमीटरचे मानक लिहिते, त्याचा कचरा दुसऱ्या राष्ट्राच्या पोरांच्या छातीत काजळी होऊन बसावा, हा कसला न्याय? ब्रिटनला दोष देणे सोपे आहे आणि तो द्यायलाच हवा. पण गाठोडे घेणारा हात आपलाच आहे. आपल्याच घरचा टायर पचवण्याची व्यवस्था उभी राहिलेली नसताना दुसऱ्याचा कचरा कच्चा माल म्हणून घेणाऱ्यास उद्यमशील म्हणण्याचे कारण नाही.

टर्फ नावाचे मायाजाल

आता कोणी म्हणेल, रबराचा वापर तर जोरात चालू आहे! खरे आहे. गेल्या काही वर्षांत प्रत्येक उपनगरात 'टर्फ' निघाली आहेत. जाळीने वेढलेले, हिरव्या प्लास्टिकच्या गवताचे, तासावर भाड्याने मिळणारे मैदान. त्यावर खेळून आलेल्या मुलाचे मोजे झटकून पाहा, पुष्कळदा काळे रवाळ दाणे पडतात. हाच तो टायरचा भुगा, गवताच्या पात्यांना आधार म्हणून सैल पसरलेला.

खाजगी जागेत कोणी असे टर्फ काढले तर त्याचा तो व्यवसाय आहे. परंतु सार्वजनिक मैदानावर 'विकास' म्हणून टर्फ आले की काय होते, ते पाहावे. सकाळी ज्या मातीवर पन्नास पोरे फुकट लगोरी, विटीदांडू, क्रिकेट खेळत, तिथे कुलूप लागते, तासाचा दर लागतो आणि ज्यांच्या वडिलांच्या खिशात तो दर नाही, ती पोरे जाळीबाहेर उभी राहतात. मैदान सुधारले; खेळणारा मात्र बाहेर गेला. दैनिक शाखा असो, गल्लीतला कबड्डीचा संघ असो की वस्तीतला संस्कार वर्ग, या सगळ्यांचा आधार फुकटचे मोकळे मैदान हाच आहे. ते एकदा तासाच्या दरात बांधले गेले, की पुन्हा सुटत नाही.

आरोग्याच्या बाजूने मात्र भीती पसरवण्याचे आपल्याला कारण नाही. 'युरोपने टायरच्या मैदानांवर बंदी घातली' असा संदेश भ्रमणध्वनीवर फिरतो, तो अर्धसत्य आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकविषयी जो नियम केला, त्यानुसार कृत्रिम गवतात सैल दाणे घालण्यास ऑक्टोबर २०३१ पासून मनाई होईल. तिचे कारण हे, की सैल दाणे पावसाने, वाऱ्याने, बुटांबरोबर बाहेर जातात आणि नाल्यांत व नद्यांत पोहोचतात. कर्करोगाविषयी तिथल्या रसायन संस्थेचा २०१७ मधील निष्कर्ष असा होता, की अशा मैदानांवर खेळण्याने होणारी चिंता अत्यल्प आहे. अमेरिकेच्या शासकीय अभ्यासाचे दोन भाग २०१९ आणि २०२४ मध्ये आले. दाण्यांत रसायने आहेत, पण खेळणाऱ्याच्या शरीरात जाणारी मात्रा थोडी दिसते, असाच त्यांचा सूर आहे. तरीही युरोपने ऑगस्ट २०२२ पासून सैल दाण्यांतील आठ घातक कर्बसंयुगांवर मर्यादा घातली: किलोमागे सगळी मिळून २० मिलिग्रॅम. तेथे निर्धास्तपणा चालत नाही आणि कांगावाही चालत नाही, मोजमाप चालते. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस पडतो. सैल दाणे पसरलेले टर्फ म्हणजे पहिल्याच मृगात नाल्याला दिलेली देणगी. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की टायरच्या झिजेतून पाण्यात उतरणारे एक रसायन कोहो जातीचे सामन मासे मारते. आपल्या खाडीतल्या माशांचे काय होते, हे आधी तपासण्याऐवजी आधी दाणे पसरण्याची घाई कशासाठी?

माती आणि गादी

मग रबराची खरी जागा कोणती? जिथे उंचावरून पडणे संभवते, तिथे. पाळण्याखाली, घसरगुंडीच्या पायथ्याशी, चढण्याच्या शिड्यांभोवती. तिथेही सैल दाणे नकोत. चिकटद्रव्याने बांधलेला, ओतीव, जाड थर हवा. बांधलेला थर वाहून जात नाही आणि त्यावर चाकाची खुर्चीही चालते, म्हणजे ज्या मुलाला आजवर बालोद्यानाच्या कठड्याबाहेरूनच खेळ पाहावा लागला, तेही पाळण्यापर्यंत पोहोचते. वाळूचाही खोल थर हेच काम करतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आपल्या पावसात ती घट्ट बसते, भटकी कुत्री-मांजरे ती घाण करतात आणि रोज दाताळे घेऊन ती मोकळी करणारा माणूस पालिका नेमत नाही.

त्यापलीकडचे सारे मैदान मातीचे आणि गवताचेच राहिले पाहिजे. कुस्तीत हा भेद आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या कळतो. महाराष्ट्र केसरीत माती विभाग आहे आणि गादी विभागही आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते गादीवर. घडले मात्र मातीत. गादीची निंदा कोणी करत नाही, पण म्हणून गावोगावच्या तालमींतली लाल माती उपसून टाका, असेही कोणी म्हणत नाही. मग बालोद्यानांच्या बाबतीतच ही अक्कल कुठे जाते? तिथे एकदा रबराची निविदा निघाली, की पायवाट, झाडाचे आळे, ज्येष्ठांचा कट्टा सगळे रबराखाली जाते, कारण क्षेत्रफळ जितके अधिक तितके देयक मोठे.

मातीचे मैदान निर्दोष आहे असा माझा दावा नाही. दादरच्या शिवाजी पार्कवरील लाल मातीची धूळ परिसरातील रहिवाशांच्या नाकातोंडात जात राहिली आणि तो वाद वर्षानुवर्षे गाजला. पण त्याचा उपाय गवत, पाणी आणि योग्य प्रतीची माती हाच आहे. रबराने धूळ थांबेल, तसे पाणी मुरणेही मंदावेल आणि एप्रिलच्या दुपारी पाय ठेवता येणार नाही. कडक उन्हात अशा काळ्या पृष्ठांचे तापमान साठ अंशांपलीकडे गेल्याची नोंद परदेशांत झालेली आहे. विदर्भातल्या उन्हात अनवाणी मूल त्यावर उभे करून पाहण्याची इच्छा असलेल्या अभियंत्याने आधी स्वतः जोडे काढावेत.

आणखी एक फसवणूक वाचकांनी लक्षात ठेवावी. रंगीबेरंगी, मऊ फरशी दाखवून 'जुन्या टायरपासून बनवलेली' असे अभिमानाने सांगतात. ओतीव थराचे वास्तव असे, की खालचा काळा थर टायरच्या भुग्याचा असतो आणि वरचा टिकाऊ रंगीत थर बहुधा नव्या कृत्रिम रबराचा असतो. त्यात गैर काही नाही. गैर हे, की कंत्राटदार खालचा थर निम्मा करतो आणि वर रंग तेवढाच चकचकीत ठेवतो. धक्का सोसणारा थर डोळ्याला दिसत नाही. दिसतो तो रंग. सिमेंटवर चिकटवलेल्या इंचभर जाडीच्या फरशा उंच घसरगुंडीखाली शोभेच्याच ठरतात.

ज्या गावाला ओतीव थराचा खर्च परवडत नाही, त्याने अख्ख्या टायरकडे वळावे. बंगळूरच्या अँटहिल क्रिएशन्स या संस्थेने जुन्या टायरांचे पाळणे, बोगदे, चढण्याचे डोंगर करून देशात ठिकठिकाणी, विशेषतः शासकीय शाळांत, क्रीडांगणे उभी केली आहेत. आयआयटी खरगपूरच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगातून हे काम उभे राहिले. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात असे क्रीडांगण करण्यास पंक्चरवाल्याकडचे टायर, एक ड्रिल यंत्र, रंगाचे डबे आणि चार दिवसांचे श्रमदान पुरते. मात्र दोन पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात. तार बाहेर आलेला टायर मुलांसाठी वापरू नये, कारण ती सुरीसारखी कापते. दुसरे, प्रत्येक टायरला तळाशी भोके पाडावीत किंवा तो मातीने भरून टाकावा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला टायरातल्या वाटीभर पाण्याइतकी सुखाची जागा दुसरी नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये आशियाई 'वाघ डास' सापडला, तो जुन्या टायरांच्या आयातीबरोबरच आला असे मानले जाते. श्रमदानाच्या उत्साहात ही भोके राहिली, तर पावसाळ्यात शाळेचा पट दवाखान्यात भरेल.

उरला प्रश्न पालिकेचा आणि गृहनिर्माण संस्थांचा. संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत बालोद्यानाच्या नूतनीकरणाचा ठराव आला, की कार्यकर्त्यांनी रंग कोणता यावर अर्धा तास चर्चा होऊ देऊ नये. सर्वांत उंच खेळण्याची उंची किती, तेवढ्या उंचीसाठी या थराची चाचणी झाली आहे काय, चाचणीचा कागद कुठे आहे, थराची जाडी बसवताना कोण मोजणार, हे विचारावे. भुगा कोणत्या कारखान्याचा, तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेला आहे काय आणि त्याने देशातले टायर दळले की परदेशातले, हेही विचारावे. पुरवठादार गोंधळेल, कदाचित चिडेल. त्याला आजवर हे कोणी विचारलेले नाही.

हेच प्रश्न नगरसेवकाच्या निधीतून होणाऱ्या कामांच्या निविदेत अटी म्हणून आले पाहिजेत. रबराचे क्षेत्र खेळण्यांच्या पडण्याच्या परिघापुरते मर्यादित, सैल दाण्यांना मनाई, सार्वजनिक मैदानावर तासाचे भाडे नाही आणि भुगा नोंदणीकृत देशी टायरचाच. एकट्या मुंबई महानगर प्रदेशातील पालिकांनी अशी अट घातली, तरी टायर दळणाऱ्याला निश्चित गिऱ्हाईक मिळेल आणि भंगारवाला टायर कोणाला विकायचा याचा हिशेब नव्याने मांडेल. आज वाड्याची भट्टी त्याला रोख पैसे देते आणि पालिका पेव्हर ब्लॉक विकत घेते.